एका मेलने अमेरिकेचं सरकार हडबडलं, पण ज्याच्या ३ पानांवर आपले व्हिडिओ कॉल चालतात तो जॉन पोस्टेल होता कोण?

व्हिडिओ कॉल चालू असताना समोरच्याचा चेहरा मध्येच अडकतो, एखादा शब्द गिळला जातो आणि पुढच्या क्षणी सगळं पुन्हा सुरळीत चालू होतं. तो गिळलेला शब्द मात्र परत ऐकू येत नाही. तो गेला तो गेलाच.

आपण नेटवर्कला चार शिव्या घालतो आणि बोलणं पुढे नेतो.

पण गंमत अशी आहे की हे असंच व्हावं म्हणून कुणीतरी ठरवून केलेलं आहे. हरवलेला शब्द परत मागवत बसलं, तर मागचे सगळे शब्द रांगेत तुंबतील आणि बोलणंच होणार नाही. त्यापेक्षा गेलेला जाऊ दे, पुढचा घे.

हा विचार ज्या कागदावर उतरला तो कागद अवघ्या ३ पानांचा. त्यावरची तारीख २८ ऑगस्ट १९८०. आणि लिहिणाऱ्याचं नाव जॉन पोस्टेल.

आडनाव पोस्टेल आणि आयुष्यभर काम केलं ते जगाच्या चिठ्ठ्या पोचवण्याचं. निव्वळ योगायोग, पण भारी आहे.

लांब दाढी, मागे बांधलेले केस आणि पायात सँडल, असा त्याचा अवतार. बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस डोंगर भटकायला निघालाय. आणि ते खोटंही नव्हतं, सिएरा नेवाडाच्या डोंगरात पाठीवर सॅक टाकून भटकणं हा त्याचा आवडता उद्योग. पण याच माणसाला १९९० च्या दशकात वर्तमानपत्रं इंटरनेटचा देव म्हणू लागली होती.

हा देवमाणूस नक्की काय करायचा? तर याद्या सांभाळायचा.

गोष्ट सुरुवातीपासून बघू.

जोनाथन ब्रूस पोस्टेलचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा. गाव कॅलिफोर्नियातलं अल्टाडीना. शाळा व्हॅन नाईज हायस्कूल. याच शाळेतून स्टीव्ह क्रॉकर आणि विंट सर्फ नावाची आणखी दोन पोरं बाहेर पडली. पुढे या तिघांनी मिळून इंटरनेटचा पाया घातला. एका शाळेने एवढं दिलं म्हणजे फारच झालं.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पोस्टेल शिकायला गेला आणि लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. ही तीच प्रयोगशाळा, जिथून २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री आर्पानेटवरचा पहिला संदेश गेला. लॉगिन असा शब्द पाठवायचा होता. एल गेला, ओ गेला आणि पलीकडची मशीन बंद पडली. इंटरनेटच्या खानदानातला पहिला संदेश हा असा अर्धवट पोचलेला होता.

या पोरांपुढे त्या वेळी मोठा प्रश्न होता. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीन एकमेकांशी बोलणार कशा, याचे नियम कुठेच लिहिलेले नव्हते. वरून कुणी हुकूम देणारा नव्हता. आपण विद्यार्थी, आपण नियम ठरवले तर मोठी माणसं रागावतील, अशी धास्तीही होती. म्हणून क्रॉकरने एप्रिल १९६९ मध्ये एक शक्कल लढवली. नियमांना नियम म्हणायचंच नाही. रिक्वेस्ट फॉर कमेंट्स म्हणायचं, म्हणजे बाबांनो, आम्हाला असं सुचतंय, तुमचं मत कळवा.

हेच ते प्रसिद्ध आरएफसी. आजही इंटरनेटचे नियम याच नावाने निघतात.

हे कागद गोळा करणं, तपासणं, त्यांना नंबर देणं आणि सगळ्यांपर्यंत पोचवणं हे काम पोस्टेलकडे आलं. ते त्याने जवळपास २८ वर्षं केलं, अगदी मरेपर्यंत. स्वतः लिहिलेल्या आरएफसींची संख्या २०० च्या पुढे.

सोबत आणखी एक किचकट काम त्याने अंगावर घेतलं.

एका मशीनवर एकाच वेळी अनेक कामं चालतात. आलेली चिठ्ठी नक्की कुणाची हे कळायला प्रत्येक कामाला एक नंबर लागतो. बिल्डिंगचा पत्ता एकच, पण फ्लॅट नंबर वेगवेगळे, तसं. दोघांनी एकच नंबर उचलला तर गोंधळ. १९७२ मध्ये पोस्टेलने सुचवलं की हे नंबर वाटायला कुणीतरी एक जण असावा आणि हवं तर ते काम मी करतो. कुणाची हरकत आली नाही. तेव्हापासून कुणाला नंबर हवा असला की तो पोस्टेलला विचारायचा, पोस्टेल यादीत बघायचा, मोकळा नंबर द्यायचा आणि नोंद करायचा.

१९७४ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. विषय होता मशीनच्या आपसातल्या संभाषणाचे नियम गणिताने तपासायचे कसे. १९७७ मध्ये तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाला. मरीना डेल रे इथल्या या संस्थेत तो शेवटपर्यंत राहिला.

आणि इथेच ती ३ पानं जन्माला आली.

झालं असं की तोपर्यंत टीसीपी नावाची एकच व्यवस्था सगळं काम करायची. चिठ्ठी एका नेटवर्कमधून दुसऱ्या नेटवर्कमध्ये नेणं हेही तिचंच आणि चिठ्ठी पोचली की नाही याची खातरजमा करणं हेही तिचंच. ऑगस्ट १९७७ मध्ये पोस्टेलने एक टिपण लिहून सांगितलं की आपण चुकतोय. ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांना वेगळं करा.

त्याच संस्थेत डॅनी कोहेन नावाचा माणूस नेटवर्कवरून आवाज पाठवायचे प्रयोग करत होता. त्याची अडचण अगदी आपल्या व्हिडिओ कॉलसारखी होती. आवाजाचा एखादा तुकडा हरवला तर टीसीपी तो परत मागवायची आणि तोवर पुढचं सगळं अडवून धरायची. कोहेनला उशिरा आलेला अचूक आवाज नको होता, थोडा तुटका चालेल पण आत्ता हवा होता.

१९७८ मध्ये टीसीपीचे दोन भाग झाले. चिठ्ठी नेण्याचं काम आयपीकडे गेलं आणि हिशेब ठेवण्याचं टीसीपीकडे. ज्यांना हिशेब नकोच होता, त्यांच्यासाठी पोस्टेलने १९८० मध्ये तिसरी वाट लिहून काढली. तिचं नाव युजर डेटाग्राम प्रोटोकॉल, म्हणजेच यूडीपी.

टीसीपी म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर पत्र. आधी ओळख, मग क्रमांक, मग सही, पावती नाही आली तर पुन्हा पाठवा. यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड. पेटीत टाकलं, आपलं काम संपलं.

या पोस्टकार्डावर फक्त ४ गोष्टी लिहिलेल्या असतात. पाठवणाऱ्याचा पोर्ट नंबर, घेणाऱ्याचा पोर्ट नंबर, एकूण लांबी आणि मजकूर वाटेत बिघडलाय का हे तपासायची एक बेरीज. सगळं मिळून ८ बाइट. बस्स. पोचेल याची हमी नाही, एकदाच पोचेल याची नाही, पाठवलेल्या क्रमानेच पोचेल याचीही नाही.

मग एवढ्या बिनहमीच्या व्यवस्थेवर कुणी भरवसा का ठेवेल? याचं उत्तर चिठ्ठी घेणाऱ्याकडे आहे. ते समजायला सी भाषेत प्रोग्राम लिहिणारा माणूस ही चिठ्ठी कशी उचलतो ते बघावं लागेल. घाबरू नका, कोड एक ओळही देणार नाही.

ऑगस्ट १९८३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून ४.२ बीएसडी नावाची युनिक्स बाहेर आली आणि तिच्यासोबत सॉकेट आले. आजही सी मध्ये नेटवर्क प्रोग्रामिंग शिकणारी पोरं याच सॉकेटपासून सुरुवात करतात.

चिठ्ठी घेणाऱ्याला ३ गोष्टी कराव्या लागतात. पहिलं, सॉकेट तयार करायचं आणि सांगायचं की मला डेटाग्रामवालं हवंय. ही झाली पत्रपेटी. दुसरं, बाइंड नावाच्या फंक्शनने त्या पेटीवर पोर्ट नंबर टाकायचा. तिसरं, रिसीव्हफ्रॉम नावाचं फंक्शन बोलवायचं आणि पेटीशेजारी बसून राहायचं. चिठ्ठी येईपर्यंत प्रोग्राम तिथेच थांबतो.

टीसीपीमध्ये समोरच्याची हाक ऐकायची, जोडणी मान्य करायची, असे टप्पे असतात. इथे त्यातलं काही नाही. ओळखपाळख नाही, थेट चिठ्ठी.

रिसीव्हफ्रॉमला आपण दोन रिकाम्या जागा देतो. एकीत मजकूर येऊन पडतो, दुसरीत पाठवणाऱ्याचा पत्ता. ही दुसरी जागा फार महत्त्वाची. जोडणीच नसल्याने एकाच पेटीत दहा ठिकाणच्या दहा चिठ्ठ्या पडू शकतात. उत्तर कुणाला द्यायचं हे त्या पत्त्यावरूनच कळतं.

आता यातल्या खाचाखोचा बघा.

एका वेळी एकच चिठ्ठी हातात येते. दोन चिठ्ठ्या कधी एकमेकीत मिसळत नाहीत आणि एका चिठ्ठीचे दोन हप्ते होत नाहीत. पण आपण दिलेली जागा लहान असेल आणि चिठ्ठी मोठी असेल, तर मावेल तेवढी मिळते आणि उरलेली फेकून दिली जाते. पुढच्या वेळी मागितली तरी मिळत नाही.

रिकामी चिठ्ठीही चालते. रिसीव्हफ्रॉमने शून्य हे उत्तर दिलं तर टीसीपीची सवय असलेल्याला वाटतं की समोरचा निघून गेला. इथे तसं नसतं. समोरच्याने कोरं पोस्टकार्ड टाकलेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ.

पत्त्यासाठी किती जागा ठेवलीय हा आकडा प्रत्येक वेळी नव्याने भरून द्यावा लागतो, कारण फंक्शन परतताना त्याच आकड्यावर खऱ्या पत्त्याची लांबी लिहून जातं. नवशिके हमखास इथे अडकतात.

आणि चिठ्ठी आलीच नाही तर? रिसीव्हफ्रॉम बसून राहील, रात्र झाली तरी बसून राहील. किती वेळ वाट बघायची, नंतर पुन्हा विचारायचं की सोडून द्यायचं, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवायचं.

पोस्टेलच्या ३ पानांची खरी मेख इथे आहे. त्याने जबाबदारी नाहीशी केली नाही, ती मधल्या वाटेवरून काढून दोन्ही टोकांच्या माणसांकडे दिली. कॉलवाल्याला वेळ महत्त्वाची, तो हरवलेलं सोडून देईल. वेबसाईटचा पत्ता विचारणाऱ्याला उत्तर महत्त्वाचं, तो दोन सेकंद थांबून पुन्हा विचारेल. ज्याची गरज त्यालाच कळते.

टीसीपीच्या नियमांत त्याने याच स्वभावाचं एक तत्त्व लिहून ठेवलं होतं. स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचं घेताना मात्र मन मोठं ठेवा. प्रोग्रामर लोक याला आजही पोस्टेलचा नियम म्हणतात.

सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी आणि टीसीपीचे पक्के नियम त्याच्याच संपादनाखाली आले. ऑगस्ट १९८२ मध्ये ई-मेल पाठवण्याचे नियम त्याने लिहिले. १ जानेवारी १९८३ ला आर्पानेट जुनी पद्धत सोडून टीसीपी-आयपीवर गेलं, त्याचा आराखडाही त्याचाच. आकडे लक्षात ठेवण्यापेक्षा नावं बरी, म्हणून पॉल मोकापेट्रिसने त्याच संस्थेत डीएनएस घडवलं. हे काम त्याच्याकडे सोपवणारा पोस्टेलच. या डीएनएसचे प्रश्न मुख्यतः यूडीपीच्या पोस्टकार्डावरून जाऊ लागले, पोर्ट नंबर ५३ वर. हा ५३ सुद्धा पोस्टेलच्या यादीतलाच.

याद्या वाढत गेल्या. पुढे या कारभाराला आयएएनए असं नाव पडलं. नाव भारदस्त, पण कार्यालय म्हणजे पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्ससारखे मोजके सहकारी. पैसा अमेरिकी सरकारच्या संशोधन निधीतून यायचा. जग मात्र त्याचं ऐकायचं ते करारामुळे नाही, हा माणूस पक्षपात करत नाही या खात्रीमुळे.

देशांच्या नावांचा प्रश्न आला तेव्हा त्याची हुशारी दिसली. कुठला देश खरा आणि कुठला नाही हे ठरवायला बसलो तर आयुष्य भांडणात जाईल, हे त्याने ओळखलं. मग त्याने आयएसओ ३१६६ ही आधीच तयार असलेली देशांची यादी उचलली. तिच्यात नाव असेल तर दोन अक्षरं मिळतील, नसेल तर वाद तिकडे जाऊन घाला.

याच यादीतून भारताला आयएन ही अक्षरं मिळाली आणि मे १९८९ मध्ये डॉट इनची नोंद झाली. त्याचा कारभार सुरुवातीला कुठून चालायचा माहितीय? आपल्या मुंबईतून, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीमधून. २००५ पासून तो निक्सी या संस्थेकडे आहे.

इथपर्यंत सगळं विश्वासावर चाललं होतं. मग पैसा आला.

डॉट कॉमची नोंदणी नेटवर्क सोल्युशन्स या एकाच कंपनीकडे होती. १९९५ पासून नावासाठी वर्षाला ५० डॉलर पडू लागले आणि दोन वर्षांचे १०० डॉलर आगाऊ भरावे लागत. धंदा तेजीत आला. मग वकील आले, राजकारणी आले आणि प्रश्न आला की इंटरनेटची मूळ यादी नक्की कुणाच्या मालकीची? कंपनीची, सरकारची, की ती घडवणाऱ्या लोकांची?

मूळ यादी म्हणजे कुठल्या नावाची विचारणा कुठे पाठवायची याची सगळ्यात वरची वही. ती जगभरात १३ रूट सर्व्हरवर होती आणि ते वेगवेगळ्या संस्था चालवायच्या. सगळे नेटवर्क सोल्युशन्सच्या सर्व्हरवरून ती उतरवून घ्यायचे.

२८ जानेवारी १९९८ ला पोस्टेलने त्यातल्या ८ जणांना एक मेल टाकला. यापुढे यादी त्या कंपनीकडून घेऊ नका, माझ्या सर्व्हरवरून घ्या, एवढाच त्याचा आशय.

आणि आठही जणांनी ऐकलं.

कायद्याचा कागद नाही, सरकारचा हुकूम नाही. पोस्टेल सांगतोय ना, मग ठीक आहे. यादीतला मजकूर तोच असल्याने इंटरनेट वापरणाऱ्यांना काही कळलंही नाही. पण अमेरिकेच्या सरकारला बरोबर कळलं. उद्या या माणसाने मनात आणलं तर इंटरनेटचे दोन तुकडे होऊ शकतात. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी थेट संपर्क साधून हे थांबवायला सांगितलं. पोस्टेलने ही चाचणी होती असं सांगितलं आणि थोड्याच दिवसांत सगळं पूर्ववत झालं.

काहींना ही त्याची बंडखोरी वाटली, काहींना सरकारला दिलेला इशारा. एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. एका माणसाच्या शब्दावर चालणारी व्यवस्था तो माणूस चांगला आहे म्हणूनच चांगली असते. तो नसेल तेव्हा काय?

हे पोस्टेललाही कळत होतं. त्याचा कारभार एका संस्थेकडे द्यायची तयारी त्याने स्वतःच चालवली होती. ३० सप्टेंबर १९९८ ला आयकॅन ही ना-नफा संस्था कॅलिफोर्नियात नोंदवली गेली.

त्यानंतर अवघ्या १६ दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९९८ ला, जॉन पोस्टेल गेला. हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया झाली होती, त्यातून तो सावरू शकला नाही. वय ५५. आपण घडवलेलं इंटरनेट प्रत्येकाच्या हातातल्या मोबाईलवर आलेलं त्याने बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी विंट सर्फने आपल्या या जुन्या मित्राला श्रद्धांजली लिहिली. ती कुठल्या वर्तमानपत्रासाठी नव्हती, आरएफसी म्हणून होती. नंबर २४६८. ज्या मालिकेला पोस्टेल आयुष्यभर नंबर देत राहिला, त्याच मालिकेत त्याचा मृत्युलेख नोंदवला गेला.

आयकॅनवरची अमेरिकी सरकारची शेवटची देखरेख संपायला २०१६ चा ऑक्टोबर उजाडला. म्हणजे पोस्टेलच्या मेलनंतर १८ वर्षं.

त्याच्या विचारांवर टीकाही झाली आणि ती वाजवी आहे. दुसऱ्याचं चुकीचं लिखाणही समजून घ्या म्हटलं की चुका करणारे सुधारतच नाहीत, असं अनेक तज्ज्ञ म्हणतात. यूडीपीच्या पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा टाकता येतो, हेही खरं. चोर दुसऱ्याचा पत्ता टाकून हजारो सर्व्हरना छोटे प्रश्न विचारतो आणि मोठी उत्तरं त्या बिचाऱ्याच्या दारात कोसळतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहबवर असाच हल्ला झाला, सेकंदाला १.३५ टेराबिटचा. म्हणून रिसीव्हफ्रॉमने दिलेला पत्ता हा पुरावा नसतो, तो फक्त दावा असतो. तो तपासणंही घेणाऱ्याचंच काम.

तरीही पोस्टकार्ड मेलं नाही. तुमचा फोन वायफायला जोडला जातो तेव्हा त्याला पत्ता यूडीपीवरूनच मिळतो. ऑनलाईन गेम त्यावर चालतात. २०२१ मध्ये क्विक नावाची नवी व्यवस्था प्रमाण म्हणून जाहीर झाली आणि वेबचा मोठा भाग तिच्यावर सरकू लागला. या क्विकने पोचपावती, क्रम, सुरक्षा असं सगळं स्वतःचं उभारलं आणि खाली पाया म्हणून तेच ८ बाइटचं पोस्टकार्ड घेतलं.

इंटरनेट सोसायटीने १९९९ पासून पोस्टेलच्या नावाने एक पुरस्कार द्यायला सुरुवात केली. पहिला पुरस्कार त्यालाच मिळाला, मरणोत्तर. आणि त्याची ती यादी अजून चालू आहे. नव्या पोर्ट नंबरची नोंद करायची असेल तर आजही अर्ज आयएएनएकडेच जातो.